पडद्याला दुसरी साक्ष हवी

जुन्या पेढ्यांवर हुंडी लिहिताना रक्कम एकदाच लिहून थांबण्याची रीत नव्हती. हजार रुपयांची हुंडी असेल, तर आकड्यात हजार, अक्षरी हजार आणि त्याशिवाय ‘नीमे रुपये पाचशे, त्याचे दुणे पुरे’ अशा अर्थाचा मजकूर असे. नीमे म्हणजे निम्मे. मागाहून एखादे शून्य वाढवून कोणी हजाराचे दहा हजार करू पाहिले, तर ती निम्मी रक्कम त्याला उघडे पाडी. लिहिणाऱ्या मुनीमजींचाच हात चुकला असेल, तर तीच निम्मी रक्कम वेळीच सावध करी. नवीन जालन्याच्या बाजारपेठेत ज्या घराण्यांनी पणजोबांच्या वह्या अजून बासनात बांधून ठेवल्या आहेत, त्यांना ही पद्धत निदान ऐकून ठाऊक असेल. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारावर उभी राहिली, तो व्यापार विश्वासावर चाले हे खरे. मात्र विश्वास असलेल्या माणसाचीही बोटे चुकतात, हे त्या व्यापाराने मनोमन मान्य केलेले होते आणि कागदाची रचनाच तशी केली होती.

धनादेशाने हीच शहाणीव पुढे चालवली. त्यावर रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे लिहावी लागते. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १८ सांगते की, दोहोंत फरक आढळल्यास अक्षरी रक्कम खरी मानावी. प्रत्यक्षात बँका असा धनादेश बहुधा परतच करतात. कारण दोन साक्षी जुळत नसतील, तर व्यवहार थांबवणे हेच शहाणपणाचे. अक्षरे लिहिताना मन वेगळ्या रीतीने काम करते आणि आकडे लिहिताना वेगळ्या रीतीने. म्हणून एकीकडे झालेली चूक दुसरीकडे जशीच्या तशी उतरत नाही. हुंडीतील निम्म्या रकमेचे आणि धनादेशातील अक्षरांचे सामर्थ्य या वेगळेपणात आहे.

मग कागद गेला आणि पडदा आला. व्यवहाराला लागणारे दिवस सेकंदांवर आले, रांगा संपल्या, सुट्टीच्या दिवशीही पैसे पोहोचू लागले. हा लाभ लहान नाही. पण कागदाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली जी दुसरी साक्ष होती, ती या स्थलांतरात पुष्कळ ठिकाणी मागेच राहिली.

कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे, कदीम जालन्यात काय आणि नवीन जालन्यात काय, एक दृश्य हल्ली घरोघर दिसू शकेल. सत्तरी ओलांडलेले दादाजी मोबाइल हातात घेऊन पैसे पाठवू पाहतात. पडद्यावरची अक्षरे बारीक, वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हाचा अर्थ लागत नाही, मागे जावे तर सारे पुसले जाते. चुकीचे बटण दाबले जाते. नातू फोन हातातून घेतो आणि म्हणतो, ‘‘दादाजी, तुम्ही राहू द्या, मी करतो.’’ त्यात प्रेमच असते. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे रोजमेळ जुळवल्याशिवाय दुकानाची कुलपे लावली नाहीत, त्याने त्या दिवसापासून आपला पिन नातवाच्या स्वाधीन केलेला असतो. स्वतःच्या पैशावरचा त्याचा ताबा सुटतो आणि ‘आता आपल्याला जमत नाही’ असे त्याच्या मनाने घेतलेले असते. दोष बोटाचा की पडद्याचा, हा प्रश्न घरात कोणी विचारतच नाही.

हा प्रश्न प्रथम गांभीर्याने विचारला गेला तो युद्धात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. उतरल्यानंतर वैमानिकाने पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत. त्याऐवजी तो चाके आत घेई. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. अल्फॉन्स शापानीस या मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा दोन्ही कळा एकमेकींच्या शेजारी आणि हाताला सारख्याच लागणाऱ्या आढळल्या. दमलेल्या माणसाने अंधुक उजेडात त्या ओळखाव्या कशा? त्यांनी एका कळेला रबरी चाकाचा आणि दुसरीला पाचरीसारखा आकार दिला. हाताला न पाहताही फरक कळू लागला आणि चूक थांबली. माणसे तीच होती, कळ तेवढी बदलली होती. पुढे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार दाराच्या मुठी, शेगड्या आणि संगणक अशा रोजच्या वस्तूंना लावून दाखवला.

बँकेच्या पडद्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे आपल्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण ११ ऑगस्ट २०२० चे आहे. अमेरिकेतील सिटी बँक रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपनीच्या कर्जाचा व्यवहार सांभाळत होती. त्या दिवशी धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशांतून त्यांना सुमारे ८९.४ कोटी डॉलर मुद्दल निघून गेले. त्या वेळच्या दराने हे साडेसहा हजार कोटी रुपयांहून अधिक होते. ज्या ‘फ्लेक्सक्यूब’ प्रणालीवर हे घडले, तिचे मूळ मुंबईचे. सिटी समूहाच्याच सॉफ्टवेअर कंपनीत ती जन्मली. ती कंपनी पुढे ‘आय-फ्लेक्स सोल्युशन्स’ या नावाने ओळखली गेली आणि २००५ नंतर ओरॅकलच्या ताब्यात गेली.

चूक कशी झाली, ते बँकिंगशी परिचित वाचकांनी मुद्दाम पाहावे. प्रणालीत काही धनकोंचेच व्याज देण्याची सरळ सोय नव्हती. म्हणून सारे कर्ज फिटत आहे असे दाखवायचे आणि मुद्दलाची रक्कम बाहेर न जाता बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवायची, अशी आडवाट वापरली जाई. त्यासाठी पडद्यावरच्या ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ अशा तीन चौकटींत त्या अंतर्गत खात्याचा क्रमांक भरणे आवश्यक होते. कर्मचाऱ्याने तो फक्त ‘प्रिन्सिपल’ या चौकटीत भरला. मुद्दल वळवायचे तर मुद्दलाची चौकट भरावी, असेच कोणालाही वाटेल. नोंद करणारा, ती तपासणारा आणि मंजुरी देणारा अशा तिघांच्या सहा डोळ्यांखालून व्यवहार गेला; पहिले दोघे भारतातील कंत्राटी कर्मचारी होते आणि मंजुरी अमेरिकेतून मिळाली. तिघांनाही तो बरोबरच वाटला. शेवटी प्रणालीने इशाराही दिला की, पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का? किती पैसे, हे मात्र त्या इशाऱ्यात नव्हते. व्याज तर बाहेर जाणारच होते. म्हणून ‘होय’ दाबले गेले.

सुमारे पन्नास कोटी डॉलर धनकोंनी परत केले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल बँकेच्या विरोधात दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला, तेव्हा कुठे बँकेचा मार्ग मोकळा झाला.

मेकर-चेकर ही पद्धत बँकेत काम केलेल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते. पण या प्रकरणाने तिची मर्यादा उघड केली. तीन माणसे एकच पडदा एकाच गैरसमजाने पाहत असतील, तर सह्या तीन होतात, साक्ष मात्र एकच राहते. इशाऱ्यात ‘८९ कोटी डॉलर बाहेर जात आहेत’ एवढा एक आकडा असता, तर ती खरी दुसरी साक्ष ठरली असती. वाईट पडदा ओळखण्याची पहिली कसोटी येथेच सापडते: माणूस चुकला तर हा पडदा त्याला वेगळ्या वाटेने ते सांगतो का?

हीच कसोटी आपल्याकडील पैसे पाठवण्याच्या पडद्यांना लावून पाहता येईल. १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने भारतीय रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जाईल आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील. लाखो व्यवहारांत नावांची स्पेलिंग जुळवत बसणे शक्य नव्हते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. परिणाम असा झाला की, एन.ई.एफ.टी. किंवा आर.टी.जी.एस. करताना ग्राहक नाव लिहीत राहिला, पण त्या नावाला साक्षीचे मोल उरले नाही. एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असले, तर पैसा अनोळखी माणसाकडे जाई.

यावर उपाय म्हणून अनेक पडद्यांवर खाते क्रमांक दोनदा भरून घेतला जाऊ लागला. पहिल्यांदा भरलेले अंक झाकलेले दिसत. वरवर पाहता ही दुसरी साक्ष वाटते. पण ज्याने क्रमांक मुळातच चुकीचा उतरवून घेतला आहे, तो दोन्ही वेळा तोच चुकीचा क्रमांक भरणार. जेथे एका चौकटीतून दुसरीत नक्कल करता येते, तेथे तर चुकीचीही नक्कल होते. हुंडीतल्या निम्म्या रकमेची अशी नक्कल करता येत नसे, कारण ती वेगळी रक्कम होती. तीच गोष्ट दोनदा विचारणे आणि वेगळ्या वाटेने पडताळणे यांत फार अंतर आहे.

खरा उपाय पुढे आला तो ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने. एन.ई.एफ.टी. आणि आर.टी.जी.एस. करण्यापूर्वी खाते क्रमांक आणि आय.एफ.एस.सी. भरताच खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव पाठवणाऱ्याला दिसावे, ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत विनामूल्य द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. यू.पी.आय.च्या बाबतीतही त्याच वर्षी अशीच सुधारणा झाली. ग्राहकाने स्वतः फोनमध्ये ठेवलेले किंवा क्यू.आर. फलकात भरलेले नाव न दाखवता बँकेच्या नोंदीतील नावच पैसे देणाऱ्याला दाखवावे, असा नियम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ३० जून २०२५ पासून लागू केला. नाव बँकेच्या खातेवहीतून येते, क्रमांक ग्राहकाच्या बोटातून. दोन वाटा वेगळ्या, म्हणून साक्षी दोन. २०१० ते २०२५ एवढा काळ जावा लागला, तरी निम्म्या रकमेचे तत्त्व पडद्यावर परतले.

आधार क्रमांकात हे तत्त्व आरंभापासूनच आहे. त्याच्या बारा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत डच गणितज्ञ व्हेरहोफ यांची. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी संगणकाला ते तत्काळ कळते.

आणखी एक पडदा कित्येकांना महागात पडला. यू.पी.आय. एप्रिल २०१६ मध्ये आले, तेव्हा पैसे पाठवण्याबरोबर दुसऱ्याकडे पैशांची मागणी धाडण्याचीही सोय होती. ठग फोन करून सांगे, ‘‘तुमचे पैसे पाठवले आहेत, स्वीकारण्यासाठी पिन टाका.’’ पडद्यावर त्याची मागणी उमटे, माणूस पिन टाके आणि पैसे येण्याऐवजी जात. यू.पी.आय.मध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे वाक्य जाहिरातींतून वारंवार सांगितले गेले. तरीही माणसे फसत राहिली. कारण दोन उलट अर्थांच्या क्रिया माणसाला सारख्याच भासत होत्या, बी-१७ मधल्या त्या शेजारच्या दोन कळांसारख्या. अखेर व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचे ठरले. वर्षानुवर्षांच्या उपदेशापेक्षा रचनेतील एक बदल अधिक कामी येतो, हा धडा येथे मिळतो.

दोष शोधायचा कसा, याचीही एक शिस्त आहे. याकोब नीलसन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये अनुभवाधारित नियम हाती घेऊन पडदा तपासण्याची पद्धत मांडली. १९९४ मध्ये नीलसन यांनी ते नियम दहांवर आणले. त्यांतले काही व्यवहारी माणसाला सहज पटतील. प्रणाली काय करते आहे ते सतत दिसावे. भाषा ग्राहकाची असावी, संगणकाची नसावी. चुकून केलेले मागे घेता यावे. एकाच क्रियेला सगळीकडे एकच शब्द असावा. लक्षात ठेवण्याचे ओझे टाकण्यापेक्षा पाहून ओळखता यावे. चूक झाल्यावर सांगण्याआधी ती होऊच नये अशी तजवीज असावी; आणि झालीच, तर काय चुकले व आता काय करावे, हे साध्या शब्दांत कळावे.

नियमांनी तपासणी होते, पण खरी परीक्षा माणसाला समोर बसवल्यावरच. या परीक्षेला मोठा खर्च लागतो, अशी समजूत आहे. नीलसन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये अनेक प्रकल्पांची आकडेवारी पाहून असे मांडले की, एक माणूस सरासरीने ३१ टक्के दोष उघडकीस आणतो. मग हिशेब सोपा आहे. एका माणसानंतर ६९ टक्के दोष शिल्लक राहतात. दुसऱ्यानंतर त्या ६९ चे ६९ टक्के, म्हणजे सुमारे ४८. तिसऱ्यानंतर ३३, चौथ्यानंतर २३ आणि पाचव्यानंतर जेमतेम १६. पाच माणसांत सुमारे ८४ टक्के दोष सापडतात. हा चक्रवाढीचाच हिशेब, उलट्या दिशेने केलेला. अर्थात ३१ ही सरासरी आहे. पडदा गुंतागुंतीचा असेल किंवा वापरणारे फार भिन्न असतील, तर पाच पुरत नाहीत, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून पाच माणसांत दोष शोधावेत, ते दुरुस्त करावेत आणि पुन्हा नवी पाच माणसे बसवावीत, हा मार्ग बरा.

समजा, नवीन जालन्यातील एखाद्या संघाने गोशाळेसाठी देणगी स्वीकारण्याचा अर्ज संकेतस्थळावर ठेवला आहे. नोंदी अर्धवट राहतात, पावत्यांवर नावे चुकतात आणि कोषाध्यक्ष त्रासले आहेत. अशा वेळी देणगीदारांना ‘काळजीपूर्वक भरा’ अशी सूचना लाल अक्षरांत लिहिली जाते. त्याऐवजी पाच माणसांना एकेकटे बोलवावे: एक सत्तरीचे गृहस्थ, चष्मा लावणाऱ्या एक काकू, एक महाविद्यालयीन मुलगी, एक दुकानदार आणि मराठीच वाचणारा एखादा कामगार. प्रत्येकाला एकच काम द्यावे: ‘‘आपल्या आईच्या नावे अकराशे रुपये देणगी द्या आणि पावती मिळवा.’’ मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, एवढेच त्यांना सांगावे. शेजारी बसलेल्याने कागद-पेन घेऊन गप्प बसावे. बोटाने दाखवू नये, ‘अहो, ते वर आहे ना’ म्हणू नये. यजमानाला हे मौन फार जड जाते, पण परीक्षेचे सारे मोल त्या मौनात आहे.

मग कागदावर काय उमटते? तिघे जण ‘नाव’ या चौकटीत स्वतःचे नाव लिहितात आणि आईचे नाव कोठे लिहावे म्हणून थांबतात. दोघांना ‘सबमिट’ दाबल्यावर पैसे गेले की नाही ते कळत नाही, म्हणून ते पुन्हा दाबतात. एकाला पॅनचा रकाना सक्तीचा आहे हे शेवटी कळते आणि तोवर भरलेले सारे पुसले जाते. असे दोष उघडे पडले की, ‘लोक बेपर्वाईने भरतात’ या तक्रारीचा पायाच निघून जातो. ‘देणगी देणाऱ्याचे नाव’ आणि ‘ज्यांच्या स्मरणार्थ किंवा ज्यांच्या नावे’ असे दोन स्वतंत्र रकाने करणे, बटण एकदा दाबल्यावर ‘थांबा, व्यवहार सुरू आहे’ असे दाखवणे, शेवटी रक्कम आकड्यात व अक्षरी दाखवून मगच पुढे जाऊ देणे, ही दुरुस्ती मग कोणालाही सुचते. नवा पडदा लगेच संगणकावर करण्याचीही गरज नाही. कागदावर चौकटी आखून, माणसाला बोटाने ‘दाबायला’ सांगूनही पहिली परीक्षा घेता येते.

सुधारणा सुचली म्हणजे ती सुधारणाच आहे, असे मात्र धरून चालू नये. तिचीही परीक्षा हवी. काम तेच द्यावे, पण माणसे नवी घ्यावीत; कारण जुन्या पडद्यावर ठेच खाल्लेला माणूस शहाणा झालेला असतो. ‘आवडले का?’ हे विचारणे निरुपयोगी. आपल्याकडे समोरच्याचे मन राखण्यासाठी ‘छान आहे’ असेच म्हणतात. किती जणांनी मदतीविना काम पुरे केले, किती वेळ लागला, किती चुका झाल्या आणि त्यांतल्या किती ध्यानात आल्या, हे मोजावे. शेवटी, नव्या बदलाने नवी चूक जन्माला आली का, हे पाहावे. प्रत्येक पायरीवर ‘नक्की का?’ विचारणारा पडदा सुरक्षित वाटतो; प्रत्यक्षात माणूस न वाचता ‘होय’ दाबायला शिकतो आणि ज्या दिवशी खरोखर वाचायला हवे, त्या दिवशीही तेच करतो. इशारे थोडे असावेत आणि त्यांत आकडा असावा.

अशी चिकाटी महाराष्ट्रातच दिसली ती मराठी टंकलेखनाच्या प्रश्नात. इंग्रजीसाठी घडलेल्या कळफलकावर देवनागरी बसवणे हे मुळातच अवघड. सरकारमान्य ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाची मांडणी शास्त्रशुद्ध आहे: डाव्या हाताखाली स्वर आणि उजव्या हाताखाली व्यंजने. सरावाने ती वेग देते, परंतु पहिल्याच दिवशी मोबाइलवर ‘ज्ञानेश्वर’ लिहू पाहणाऱ्याची त्रेधा उडते. पवईच्या आय.आय.टी. मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. मराठी माणूस शाळेत काय शिकून आलेला असतो, येथून त्यांनी विचार सुरू केला. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, क ख ग घ अशी मांडली. व्यंजनावर बोट टेकताच भोवती बाराखडीचे चक्र उमटते; हवी ती मात्रा दिसते, बोट तिकडे सरकवायचे. जोडाक्षर कसे दिसेल, तेही आधी दिसते. लक्षात ठेवण्याऐवजी पाहून ओळखणे, हा नियम येथे मूर्त झाला.

त्याहून शिकण्यासारखे म्हणजे त्या मंडळींनी केलेली परीक्षा. नवशिक्यांकडून वेगवेगळ्या कळफलकांवर वारंवार मराठी टंकलेखन करून घेऊन वेग आणि चुका त्यांनी नोंदल्या. पहिल्या दिवशी सोपे वाटलेले साधन सरावानंतरही टिकते का, हे अशा दीर्घ मोजणीनेच कळते. स्वतःच्या कल्पनेचे कौतुक बाजूला ठेवून ती तराजूत टाकणे, हे संशोधकाचे काम. आणि खरे तर प्रत्येक व्यापाऱ्याचेही.

घरातल्या माणसाच्या हाती यातले काय आहे? पडदे बदलणे त्याच्या हाती नाही. मात्र पडदा अडला तेथे ‘मला जमत नाही’ याऐवजी ‘येथे कळत नाही’ म्हणणे त्याच्या हाती आहे. बँकेकडे तक्रार करताना ‘ॲप चालत नाही’ असे मोघम लिहू नये. कोणते काम करीत होतो, कोणत्या पडद्यावर, काय दाबले, काय होईल वाटले आणि काय झाले, या पाच गोष्टी पडद्याच्या छायाचित्रासह लिहाव्यात. अशी तक्रार दुरुस्त करणाऱ्याच्या कामास येते. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पैसे ठगाच्या हाती गेले असतील, तर मात्र एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर उमटणारे नाव मोठ्याने वाचण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी. मिळालेली दुसरी साक्ष न वाचणे म्हणजे ती नसल्यासारखेच.

नातवांसाठीही एक काम आहे. दादाजींच्या हातातून फोन घेण्याऐवजी एकदा शेजारी शांत बसावे. त्यांचे बोट कोठे अडखळते, डोळे काय शोधतात, कोणता शब्द ते दोनदा वाचतात, हे वहीत टिपावे. अक्षरे मोठी करणे, भाषा मराठी करणे, नको ती चिन्हे पहिल्या पडद्यावरून हटवणे, नेहमीच्या चार माणसांची खाती खात्री करून आधीच नोंदवून ठेवणे, एवढे तरी त्या टिपणावरून करता येईल. आठ दिवसांनी पुन्हा तसेच शेजारी बसावे आणि अडखळणे किती कमी झाले ते मोजावे. शोध, सुधारणा आणि परीक्षा, तिन्ही घरच्या घरी झाली.

त्या टिपणाचा खरा लाभ मात्र रुपयांत मोजता येणार नाही. ज्या हातांनी निम्म्या रकमेसह हुंड्या लिहिणारी पिढी पाहिली, ते हात आपला व्यवहार पुन्हा स्वतः करू लागतील. पिन त्यांच्याच मनात राहील. आणि पैसे पोहोचल्याचा संदेश आला की, दादाजी चष्मा सावरून नाव एकदा मोठ्याने वाचतील, रक्कम अक्षरी उच्चारतील आणि रोजमेळाच्या वहीत त्याची नोंद करतील.